नाल्याच्या तोंडाजवळच्या फांद्या

हर्मन लॉटन आमच्या यार्डातल्या गटारांचा माणूस होता. हे मी उगाच म्हणत नाही, तो स्वतःच तसं सांगायचा. दुकानात एखाद्या नवख्यानं "आपण काय करता?" विचारलं की "गटारं सांभाळतो" एवढं बोलून तो बटाटे निवडायला लागायचा. मी त्याच यार्डात बोटी उचलायची क्रेन चालवायचो. कितीतरी वर्षं आम्ही एका शेडमध्ये बसून डबा खाल्ला. त्याच्याबद्दल मला चार पानं लिहिता येतील असं त्याची बायको आयरीन म्हणते. मला तशी खात्री नाही, पण तिनं दोनदा सांगितलं.

आमचं गाव अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. यार्ड उतारावर, वर रस्ता आणि खाली छोटी खाडी. शरदात मासेमारी संपली की बोटी वर घ्यायच्या आणि हिवाळाभर त्यांची बुडं खरवडायची. बुडाला तांब्याचा लाल रंग असतो, त्यामुळे शिंपले-कालवं चिकटत नाहीत. जो रंग शिंपल्याला जगू देत नाही तो पाण्यातल्या इतर बारीक जिवांनाही देत नाही. ताडपत्र्या लावा, खाली कापड अंथरा, तरी ती लाल भुकटी थोडीफार वाऱ्यावर जातेच आणि बर्फावर बसते. वर नवा बर्फ पडतो, त्यावर पुन्हा भुकटी. बर्फ लोटणारी गाडी हे सगळं यार्डाच्या कोपऱ्यात नेऊन टाकते. मार्चपर्यंत तिथं घराएवढा ढीग होतो. बाहेरून पांढरा दिसतो, आत सगळा हिवाळा भरलेला असतो.

पाणी जायला जागोजागी जाळीची चेंबरं आहेत. प्रत्येक जाळीखाली जाड कापडाची पिशवी टांगायची. पाणी पिशवीतून गाळलं जाऊन टाकीत जातं, तिथं उरलेला गाळ खाली बसतो, आणि मग ते नाल्याच्या तोंडातून खाडीत पडतं. पण थंडीत या पिशव्या गोठून दगड होतात. पाणी तुंबतं, बोटींखाली बर्फाची लादी धरते, आणि एखादा टेकू सरकला तर बोट माणसावर येते. म्हणून कडक थंडी पडली की पिशव्या काढायच्या, धुऊन शेडमध्ये टांगायच्या आणि बर्फ वितळायच्या आत परत लावायच्या. परत कधी लावायच्या हे हर्मन ठरवायचा. लवकर लावल्या तर गोठणार, उशिरा लावल्या तर सगळा हिवाळा खाडीत जाणार. त्याच्या नोकरीतली खरी जोखीम एवढीच होती.

तो मुळात मासेमार. जाळ्याच्या चक्रात खांदा अडकून उजवा हात कायमचा अर्धा झाला. तेव्हा यार्डाचे मालक स्टर्लिंग यांनी त्याला झाडू दिला. पुढे सरकारनं बजावलं की यार्डातलं घाण पाणी खाडीत जाता कामा नये. हे काम कुणाच्या गळ्यात घालावं म्हणून स्टर्लिंगनी आजूबाजूला पाहिलं, तर हातात झाडू असलेला एकच माणूस उभा होता.

हर्मननं ते काम मनावर घेतलं. रंगारी भिंतीशी सिगारेट ओढत बसलेले असायचे आणि हा गुडघ्यांवर बसून बोटीखालचे लाल कपचे सुपडीत भरायचा. ते म्हणायचे, "हर्मन, आयरीननं घर झाडायला सांगितलं होतं रे, यार्ड नव्हे."

"घरी एवढा कचरा नसतो," तो म्हणायचा. "तिथं तुम्ही नसता ना."

हळूहळू तेही खाली कापड अंथरायला लागले. काही वर्षांनी खाडीतलं गवत पुन्हा हिरवं दिसू लागलं, आणि एका वसंतात हेरिंग मासे आमच्या यार्डाच्या खाली येऊन गाबोळी टाकून गेले. कुणाला आठवत नव्हतं इतक्या वर्षांनी. हर्मन त्या दिवशी जेवायला आला नाही. धक्क्यावर उभा राहून पाण्याकडे बघत होता.

इकडची रीत अशी आहे. हेरिंगचे थवे येणार असं दिसलं की हेमलॉकच्या फांद्या तोडायच्या. हे आमच्याकडचं देवदाराच्या जातीचं झाड. फांद्या दोराला बांधायच्या, दोराला नांगर लावायचा आणि पाण्यात सोडायच्या. मासे त्यांवर अंडी घालतात, बोटभर थर जमतो, मग फांद्या वर काढायच्या. ती गाबोळी कुणी विकत नाही. ती वाटतात. आधी म्हाताऱ्यांकडे, मग नात्यात, मग विमानानं दूर गेलेल्या पोराबाळांना.

हर्मन त्लिंगिट होता, म्हणजे या किनाऱ्यावरच्या मूळच्या लोकांपैकी, आणि गरुडाच्या बाजूचा. त्यांच्यात गाव दोन बाजूंत वाटलेलं असतं, गरुड आणि डोमकावळा, आणि लग्न नेहमी पलीकडच्या बाजूशी होतं. म्हणजे आयरीन डोमकावळ्याची, तिचा धाकटा भाऊ रोलंडही डोमकावळ्याचा, आणि त्यांची एथेल मावशी तर त्या बाजूची सगळ्यांत मोठी. ज्या वसंताची ही गोष्ट, त्याच्या आदल्या वर्षी मावशीचा भाऊ गेला होता. त्याच्या नावानं शरदात मोठं जेवण घालायचं होतं, आणि जेवायला येणार होती गरुडाची बाजू. अशा जेवणात गाबोळी नसणं म्हणजे पाहुण्यांसमोर रिकामं ताट ठेवण्यासारखं. ती वसंतातच काढून बर्फात जपून ठेवायची होती.

मावशीचे गुडघे गेले होते. लांबच्या बेटांवर होडीनं जाणं तिला जमत नव्हतं, आणि आपल्या भावाच्या जेवणाच्या फांद्या आपल्या डोळ्यांदेखत पाण्यात पडाव्यात असा तिचा हट्ट होता. तिच्या खिडकीतून आमची खाडी दिसायची. हिवाळ्यात तिनं हर्मनला विचारलं की तुझ्या त्या खाडीतलं पाणी खाण्याच्या लायकीचं आहे का.

हर्मन म्हणाला, "मावशी, माझ्या अंगणात टाकताय असं समजा."

पुढे हे वाक्य त्यानं मला कितीदा सांगितलं. त्याला वाटायचं, सगळं इथूनच बिघडलं. मला तसं वाटत नाही, पण मी त्याला अडवलं नाही.

त्या वर्षी बर्फ फार पडला. मार्च सरत आला तरी ढीग तसाच होता. एका सोमवारी हवा जरा मऊ वाटली तेव्हा हर्मननं पिशव्या खाली काढल्या, शिवण बघितली आणि शेडच्या दाराशी मांडून ठेवल्या. दुपारी लावायच्या असं मला म्हणाला. तेवढ्यात रोलंड होडी घेऊन धक्क्याला आला.

रोलंड उंच, हडकुळा, बोलका. एके काळी तो खूप प्यायचा. होडी, बायको, नोकरी, सगळं त्यात गेलं होतं. मग त्यानं सोडली, आणि त्या वेळी त्याला दारूला न शिवता कित्येक वर्षं झाली होती. एथेल मावशीनं आपली होडी त्याच्या हाती दिली होती आणि तो ती चांदीच्या भांड्यासारखी वापरायचा.

त्यानं खालूनच हाक मारली, "दाजी, भूशिराच्या पलीकडे कुरव पक्ष्यांनी आभाळ भरलंय. सीलही आलेत. आज फांद्या पडल्या नाहीत तर राहिलं."

हर्मननं पिशव्यांकडे पाहिलं. उद्या सकाळी लवकर येऊन लावतो, असं तो म्हणाला, मला की स्वतःला ते कळलं नाही. रोलंडनं विचारलं की फार काम आहे का. हर्मन म्हणाला, "गटारं कुठं पळून जातात?"

फांद्या टाकताना मनात राग नसावा, घाई नसावी, कुणाबद्दल वाकडं बोलू नये, असं त्यांच्यात मानतात. म्हणून ते दोघं गेले ते हसत गेले. हर्मनचा हात वर जात नव्हता, तेव्हा फांद्या तोडल्या रोलंडनं, दोर ओवले हर्मननं, आणि नांगराची गाठ मारली रोलंडनं. मी क्रेनवरून बघत होतो. नाल्याच्या तोंडापासून हाकेच्या अंतरावर, मावशीच्या खिडकीसमोर, त्यांनी फांद्या सोडल्या. मावशीनं खिडकीतून पांढरा रुमाल हलवला.

संध्याकाळी वारा फिरला. दक्षिणेचा, ओला आणि उबदार. रात्रभर पाऊस पडला.

सकाळी हर्मन माझ्या आधी आला होता. मी पोचलो तेव्हा तो ढिगापाशी उभा होता. ढीग एका बाजूनं कोसळला होता आणि त्याच्या पोटातून पाणी येत होतं. गंजलेल्या पत्र्यावरून यावं तसं तांबूस. बर्फाच्या लादीवरून घसरत ते सरळ जाळ्यांत पडत होतं. टाकी भरून वाहत होती. हर्मन एकेक पिशवी लावत सुटला, डाव्या हातानं, उजवा नुसता टेकवून. मीही लावू लागलो. मला वाटलं, अर्ध्या त्यानं आदल्या दिवशी लावल्या असतील आणि या उरलेल्या. मी विचारलं नाही.

पिशव्या लावून झाल्यावर तो धक्क्यावर गेला. नाल्याच्या तोंडापासून एक तांबडा पट्टा आत गेला होता. आणि पलीकडून पाणी पांढरं होत येत होतं, दुधासारखं, कारण हेरिंग त्याच सकाळी आले होते, आणि अंडी पडतात तेव्हा नर माशांच्या वीर्यानं पाणी असं पांढरं होतं. तो तांबडा पट्टा आणि ती पांढरी कड एकमेकांत शिरेपर्यंत तो तिथं उभा होता.

स्टर्लिंगनी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की पाऊस फार झाला, टाकी भरून वाहिली. हे खरं होतं. पिशव्यांचं त्यांनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. असा पाऊस मार्चमध्ये कधी पाहिला नाही, असं स्टर्लिंग म्हणाले आणि आत गेले.

फांद्या काढायचा दिवस आला. रोलंड दुपारच्या भरतीला येणार होता. हर्मन सकाळीच यार्डाची होडी घेऊन एकटा गेला. त्यानं पहिली फांदी वर घेतली. एवढा जाड थर त्यानं लहानपणानंतर पाहिला नव्हता, असं तो म्हणायचा. एकेक पान गाबोळीत बुडून गेलं होतं. त्यानं ती उजेडात धरली. पारदर्शक दाण्यांच्या मधोमध, प्रत्येक दाण्याला चिकटलेली, तिखटाच्या पुडीसारखी लाल कच होती.

त्यानं बोटानं चोळून पाहिली. गेली नाही.

दुसरी फांदी पाहिली, तिसरी पाहिली. मग त्यानं नांगराचा दोर कापला, सगळ्या फांद्या होडीमागे ओढत भूशिराच्या बाहेर खोल पाण्यात नेल्या आणि दगड बांधून बुडवल्या. त्या वेळी धुकं होतं, मावशीच्या खिडकीतून काही दिसलं नसणार. त्यानं मला सांगितलं की तेव्हा त्याला जवळजवळ बरं वाटत होतं. आता हे कुणाच्या पोटात जाणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

तिथून तो थेट मावशीकडे गेला. म्हणाला, फांद्या गेल्या, नांगर सुटला, दोर मोकळा तरंगत होता.

त्यानं ठरवून ठेवलं होतं की दोष समुद्राला जाईल, नाही तर सीलांना. त्या दिवसांत वारा होताच. मावशीनं विचारलं, "नांगराची गाठ कुणी मारली होती?"

हर्मन म्हणाला, "रोलंडनं."

"मी त्या दिवशी एक खोटं बोललो आणि एक खरं," तो मला म्हणायचा. "खोट्यानं फक्त मावशीला वाईट वाटलं असतं. घात केला तो खऱ्यानं."

कारण गावानं जे समजायचं ते समजलं. रोलंडसारख्या माणसाची गाठ सुटते कधी? हात थरथरत असेल तेव्हा. कुणी तोंडावर बोललं नाही. पण मावशीनं होडीची किल्ली मागून घेतली. ती काही रागावली नाही, गुडघे बरे वाटले तर मीच जाईन म्हणाली, आणि ते जास्त वाईट होतं. हॅलिबट मासे पकडणाऱ्या बोटीवर रोलंडची जागा ठरलेली होती. तो कप्तान त्याला म्हणाला की यंदा माणसं पुरेशी आहेत. दारू सोडलेल्यांची जी बैठक चर्चच्या तळघरात भरायची, तिथं एकानं त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं की पडलास तर पडलास, पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. रोलंड म्हणाला, अरे पण मी पडलोच नाही. त्यावर सगळ्यांनी मान हलवली. तिथं सगळेच पहिल्यांदा असंच म्हणतात.

आणखी एक गोष्ट झाली. रोलंडला स्वतःचाच भरवसा वाटेना. हर्मनच्या घराच्या पायऱ्यांवर बसून तो कठड्याला तीच गाठ मारायचा, सगळा जोर लावून ओढायचा, सोडायचा, पुन्हा मारायचा. ती सुटत नव्हती. "मग त्या दिवशी कशी सुटली, दाजी?" तो विचारायचा. हर्मन सांगायचा की समुद्र आहे, होतं असं.

एका रविवारी रोलंड जेवायला आला होता. जेवण झालं, कॉफी झाली, आणि तो बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसला. आयरीननं टेबल आवरताना त्याचा कप उचलला, क्षणभर थांबली आणि नाकाशी नेला. हर्मन समोर बसला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "नुसती कॉफीच आहे." सुटल्यासारखी हसली. आणि दाराच्या काचेतून रोलंड आत बघत होता.

दुसऱ्या दिवशी हर्मन कामावर आला नाही. इतक्या वर्षांत त्यानं न सांगता दांडी मारली ती तेवढी एकदा. तो आपल्या फिलेमन मामाकडे गेला होता.

त्यांच्यात बापापेक्षा मामा मोठा. मामा म्हणजे घराण्याचा कर्ता. फिलेमन मामा तेव्हा फार थकला होता, नाकात नळी, शेजारी प्राणवायूचं नळकांडं. तो खुर्चीत बसून बटाटे सोलत होता. हर्मननं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पिशव्या, पाऊस, लाल कच, दोर, गाठ, आणि शेवटी कप. मामानं मधे एकदाही थांबवलं नाही. बटाटे मात्र सोलत राहिला, गरजेपेक्षा बरेच जास्त.

मग त्यानं विचारलं, "नुकसान कुणाचं झालं?"

"एथेल मावशीचं. रोलंडचं."

"म्हणजे डोमकावळ्यांचं."

"हो."

"मग हे तुझं नाही. आपलं आहे."

हर्मनला याचीच भीती होती. त्यांच्यात एकानं पलीकडच्या बाजूचं वाईट केलं तर तो एकटा उभा राहून सुटत नाही. सगळं घराणं त्याच्यामागे उभं राहतं, सगळ्यांसमोर बोलतं आणि भरपाई देतं. त्याला ठाऊक होतं की आपण तोंड उघडलं की हा म्हातारा नळी काढून उठणार. म्हणून तर त्यानं इतके दिवस काढले होते. त्यानं विनवलं की मामा, मी एकटा जाऊन सांगतो, रोलंडचे पाय धरतो, तुम्ही घरीच थांबा.

"एकटाच जन्मलास वाटतं?" मामा म्हणाला. "आई नव्हती का तिथं?" मग जरा दम घेऊन, "माझा चांगला शर्ट त्या कपाटात आहे. इस्त्री कर. बटाटे मला एकट्याला संपणार नाहीत, तेही घेऊन जा."

एका शनिवारी गरुडाच्या बाजूची, हर्मनच्या घराण्यातली माणसं एथेल मावशीच्या दारात आली. मी होतो, कारण मामाला पायऱ्या चढवायला दोन धडधाकट माणसं हवी होती, आणि मी कुठल्याच बाजूचा नसल्यामुळे कुणाच्या मधे येत नव्हतो. त्यांनी बरोबर घोंगड्या आणल्या होत्या, साल्मन माशाच्या बरण्या आणि त्यांच्या त्यांच्या घरातली गाबोळी, लांबच्या बेटांवरून आणलेली, पुढच्या वसंतापर्यंत पुरवायला ठेवलेली. प्रत्येक घरानं दिली होती. हर्मनच्या एका मावसबहिणीनं तर सगळीच आणली होती. हर्मन ती उतरवून घेताना कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हता.

डोमकावळ्याची माणसं भिंतीला लागून बसली होती. रोलंड दाराजवळ. मामा आधी बोलला, त्यांच्या भाषेत, थोडंच. मग हर्मन. त्याला भाषण येत नव्हतं. तो यार्डात एखादं चेंबर समजावून सांगावं तसं बोलला, कुठलं पाणी कुठून कुठं जातं, पिशवी असते तेव्हा काय होतं आणि नसते तेव्हा काय. मग म्हणाला की पिशव्या शेडच्या दाराशी मांडलेल्या होत्या आणि मी गेलो. मग दोर कापल्याचं सांगितलं. गाठ सुटलेली नव्हती, हे त्यानं दोनदा सांगितलं.

मावशीनं विचारलं, "पिशव्या टाकून गेलास तो माझ्या फांद्यांसाठी?"

"हो."

"म्हणजे मी बोलावलं म्हणून झालं."

"नाही मावशी. मी पिशव्या लावल्या नाहीत म्हणून झालं. त्या लावायला तासभर लागतो. रोलंड तासभर थांबला असता. मीच विचारलं नाही."

मग रोलंड उठला. मला वाटलं मारणार. तो हर्मनसमोर येऊन उभा राहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आयरीन कप हुंगत होती तेव्हा तू समोर बसला होतास."

"बसलो होतो."

"आणि तुला माहीत होतं त्यात काही नाही."

"माहीत होतं."

आयरीन भिंतीकडे तोंड करून बसली होती. मावशीनं एक घोंगडी उचलली आणि रोलंडच्या खांद्यावर टाकली. याचा अर्थ भरपाई घेतली. मग फिलेमन मामाला खुर्ची दिली, कॉफी आली, उकडलेले बटाटे आले, आणि अर्ध्या तासात दोन्ही बाजू हसत-बोलत जेवत होत्या. मघाशी काही झालंच नव्हतं जणू.

यार्डातही त्यानं सांगितलं. स्टर्लिंगनी खरं ते सरकारी कचेरीला फोन करून कळवलं, त्यांची माणसं येऊन बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेली, ढिगाला कायमचं छप्पर आणि खाली काँक्रीटचा कठडा घालावा लागला. हर्मनला काढलं नाही. स्टर्लिंग म्हणाले की आता तुझ्याहून जास्त काळजी घेणारा माणूस मला कुठं मिळणार? हर्मनला ते बोलणं फटकाऱ्यासारखं लागलं. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं.

मावशीनं किल्ली परत दिली. पुढच्या हंगामात त्या कप्तानानं रोलंडला स्वतः येऊन बोलावलं. शरदातलं जेवण झालं, त्यात गरुडांनी दिलेली गाबोळी गरुडांनाच वाढली गेली, आणि त्यावरून दोन्ही बाजूंनी इतके विनोद केले की मामा हसताना खोकून बेजार झाला. तो त्याच हिवाळ्यात गेला. हर्मनच्या मनानं घेतलं की त्या पायऱ्या चढायला लावल्या म्हणून गेला. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते, कुणीच म्हणालं नव्हतं.

आता जे सांगतो ते मला नीट मांडता येईल की नाही ठाऊक नाही. त्यांच्यात भरपाई दिली-घेतली की ती गोष्ट संपते. नुसती विसरायची असं नाही. ती पुन्हा काढणं हाच गुन्हा होतो. रोलंड ती रीत पाळत होता. तो आधीसारखा घरी यायचा, "दाजी" म्हणायचा, हर्मनच्या ताटातला मासा उचलायचा. त्याच्या आवाजात कधी काटा आला नाही. गावातही कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांचा हिशेब मिटला होता. एकट्या हर्मनचा मिटला नव्हता, आणि ते बोलायला त्याला गावभर एक माणूस नव्हता. म्हणून तो माझ्याकडे बोलायचा. जेवणाच्या सुट्टीत क्रेनच्या शिडीवर बसून, तुकड्यातुकड्यांनी, वर्षानुवर्षं. "तू कुठल्याच बाजूचा नाहीस," म्हणायचा, "तुला सांगितलं तर रीत मोडत नाही."

मी एकदा म्हटलं की रोलंडनं माफ केलं ना?

"माफ नाही केलं. मिटवलं," तो म्हणाला. "माफ करायला त्याला मुभाच नाही. तसं म्हणायला तरी ती गोष्ट काढावी लागेल."

त्यानंतर त्यानं गाबोळी खाल्ली नाही. आयरीनला वाटायचं दातांमुळे. यार्डातल्या पिशव्या तो दरवर्षी वेळेआधी लावायचा. त्या गोठायच्या, आणि मग गरम वाफेचा पाइप घेऊन तो एकेक मोकळी करत बसायचा. रंगारी हसायचे. म्हाताऱ्याला थंडी सोसवत नाही, म्हणून वाफेजवळ बसतो, म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी त्याला फुप्फुसाचं दुखणं लागलं. मी बहुतेक रोज दुपारी दवाखान्यात जायचो. रोलंडही यायचा, केस पांढरे झालेले, पण तसाच हडकुळा. एका दुपारी आम्ही तिघंच होतो. रोलंड बास्केटबॉलच्या सामन्यांचं सांगत होता. आमचा संघ कसा हरला, पंच कसा आंधळा होता, कोणाच्या नातवानं शेवटच्या क्षणी चेंडू कसा भलत्याच पोराच्या हातात दिला. हर्मन छताकडे बघत होता. मग एकदम म्हणाला, "रोलंड, मला त्या वसंताबद्दल—"

"नाही," रोलंड म्हणाला.

"एकदाच बोलू दे."

"दाजी, ते माझ्या मावशीनं मिटवलंय. तुझ्या मामानं उठून मिटवलंय. तू आता काढलंस तर त्या दोघांनी केलेलं तू मोडलंस असं होईल." त्यानं उशी सरळ केली, हर्मनचा लुळा हात उचलून पांघरुणाखाली नीट ठेवला. "तर तो पंच. त्याला म्हणे चष्मा लागलाय, पण सामन्यात घालत नाही."

तो अर्धा तास बसला. सगळा सामना सांगितला. जाताना वाकून हर्मनच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि गेला.

हर्मन बराच वेळ दाराकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "बघितलंस? बोलूच दिलं नाही."

मी म्हटलं, "चांगला माणूस आहे."

"तेच तर," हर्मन म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.